आंतरराष्ट्रीय नागरी सेवकांनी दाद मागायची कुठे?

नोकरीवरून काढले, पगार अडवला किंवा बढती डावलली, की एरवी नोकरदार माणूस आपल्या देशातल्या कामगार न्यायालयात जातो. संयुक्त राष्ट्रसंघ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक अशा संस्थांत काम करणाऱ्याला ती वाट बंद असते. कार्यालय कोणत्याही देशात असो, तिथले न्यायालय सहसा अशा संस्थेवर खटला चालवू शकत नाही. त्या देशातले किमान वेतन, रजेचे कायदे, नोटीस कालावधी हे काहीच तिथे आपोआप लागू होत नाही. मग हक्क उरतात ते कोणते, आणि ते बजावायचे कसे, हे नियुक्तीपत्रावर सही करतानाच समजून घ्यायला हवे. वाद उभा राहिल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

न्यायालयीन कारवाईपासूनच्या या संरक्षणाला उन्मुक्ती म्हणतात. आधी ती का दिली आहे ते पाहू. संस्थेचा कर्मचारी कोणत्याही एका सरकारचा नोकर नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम 100 सांगते की सचिवालयातल्या कर्मचाऱ्यांनी कुठल्याही सरकारकडून आदेश मागायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. सरकारांनीही त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. यजमान देशाच्या न्यायालयाने उद्या म्हटले की अमक्याला ठेवा, तमक्याला काढा, तर हे स्वातंत्र्य संपलेच. म्हणून 1946 च्या विशेषाधिकार व उन्मुक्ती करारात संस्थेला न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण दिले गेले. त्याच करारात दुसरी बाजूही आहे: खासगी करारांसारख्या बाबतींत संस्थेशी वाद झाले, तर ते सोडवण्याची योग्य सोय संस्थेने स्वतःच करायची.

कर्मचाऱ्यांसाठी ही सोय म्हणजे संस्थेची मेहेरबानी नव्हे, हे ठरले 1954 साली. त्याआधीच्या दोन वर्षांत अमेरिकी सिनेटच्या चौकशीत उत्तरे द्यायला नकार दिलेल्या काही अमेरिकी कर्मचाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या महासचिवांनी, ट्रिग्वे ली यांनी, सेवेतून काढले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने, म्हणजे कर्मचाऱ्यांचे वाद ऐकणाऱ्या संस्थेच्या आतल्या न्यायालयाने, 11 जणांना भरपाई मंजूर केली. ती द्यायची की नाही, यावर महासभेत वाद पेटला आणि प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने 9 विरुद्ध 3 मतांनी सांगितले की महासभेलाही हे निवाडे नाकारता येणार नाहीत. जी संस्था जगासाठी स्वातंत्र्य आणि न्यायाची भाषा करते, तिने आपल्याच कर्मचाऱ्यांना न्यायाची वाट नाकारणे त्या उद्दिष्टाशी विसंगत ठरेल, हा त्यामागचा विचार होता. आजची सगळी यंत्रणा या विचारावर उभी आहे.

देशोदेशीची न्यायालयेही हाच धागा पकडतात. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 1999 साली, युरोपीय अंतराळ संस्थेत काम केलेल्या वेट आणि केनेडी यांच्या प्रकरणात, उन्मुक्ती मान्य करताना विचारले की या माणसांना दाद मागायचा दुसरा वाजवी मार्ग होता का. 2005 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी विकास बँकेची उन्मुक्ती एका प्रकरणात बाजूला ठेवली, कारण त्या कर्मचाऱ्याला काढले तेव्हा बँकेकडे न्यायाधिकरणच नव्हते. पण यावर भिस्त ठेवून थेट देशी न्यायालयात धावू नये. अशी प्रकरणे विरळ असतात, आणि तिथे महिने घालवले की संस्थेच्या आतली मुदत निघून जाते.

आपले न्यायाधिकरण कोणते?

एकच मोठे न्यायालय सगळ्यांसाठी आहे असे नाही. संयुक्त राष्ट्रांचे सचिवालय, विकास कार्यक्रम, युनिसेफ, निर्वासितांसाठीचे उच्चायुक्तालय यांच्यासाठी 1 जुलै 2009 पासून दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. खाली विवाद न्यायाधिकरण, ज्याची कामकाजाची ठिकाणे न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि नैरोबी आहेत, आणि वर अपील न्यायाधिकरण. जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को, अन्न व कृषी संघटना, जागतिक व्यापार संघटना, युरोपीय पेटंट कार्यालय अशा पन्नासहून अधिक संस्थांचे कर्मचारी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, म्हणजे आयएलओच्या, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. राष्ट्रसंघाने, म्हणजे लीग ऑफ नेशन्सने, 1927 मध्ये ते स्थापन केले. 1946 मध्ये ते आयएलओकडे आले आणि जिनिव्हात आहे. जागतिक बँकेचे 1980 पासून स्वतःचे न्यायाधिकरण आहे, नाणेनिधीचेही वेगळे आहे. प्रत्येकाच्या मुदती, फॉर्म आणि आतल्या पायऱ्या निराळ्या. शेजारच्या संस्थेतल्या मित्राने सांगितलेली मुदत आपल्याला लागू असेलच असे नाही. आपले नियुक्तीपत्र कोणत्या सेवानियमांकडे बोट दाखवते ते पाहायचे आणि त्या नियमांतले अपिलांचे प्रकरण शब्दशः वाचून काढायचे.

एक ई-मेल आणि तीन तारखा

संयुक्त राष्ट्र सचिवालयातला एक कल्पित पण अगदी नेहमीचा प्रसंग घेऊ. मुख्यालयाबाहेरच्या कार्यालयात मुदतीच्या करारावर असलेल्या कर्मचाऱ्याला 3 मार्चला ई-मेल येतो: निधीअभावी आपला करार 30 एप्रिलनंतर वाढवता येणार नाही. कागदावर शिक्का नाही, वरिष्ठांची सही नाही, भाषा सौम्य आहे. तरीही हा पूर्ण प्रशासकीय निर्णय आहे, कारण तो एका व्यक्तीबद्दल आहे, प्रशासनाने एकतर्फी घेतला आहे आणि त्याचा नोकरीच्या अटींवर थेट परिणाम होतो. घड्याळ इथूनच सुरू होते.

पहिली पायरी म्हणजे व्यवस्थापकीय मूल्यमापन. घेतलेला निर्णय नियमांत बसतो का, हे पुन्हा तपासा, अशी लेखी मागणी. त्यासाठी 60 दिवस मिळतात, कामकाजाचे नव्हे, कॅलेंडरचे. म्हणजे शेवटची तारीख 2 मे. ही पायरी चुकली तर पुढचा दरवाजा कायमचा बंद होतो, कारण ही मुदत माफ करण्याचा अधिकार विवाद न्यायाधिकरणालाही नाही. प्रशासनाला उत्तरासाठी मुख्यालयात 30 आणि बाहेरच्या कार्यालयांत 45 दिवस असतात. 2 मे रोजी मागणी केली तर उत्तराची मुदत 16 जूनला संपते. उत्तर आले नाही तरी तिथून 90 दिवसांत, म्हणजे 14 सप्टेंबरपर्यंत, न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. उत्तर वेळेत आले तर 90 दिवस ते हातात पडल्यापासून धरायचे. निवाडा विरोधात गेला तर अपिलासाठी 60 दिवस.

इथे सर्वांत घातक गैरसमज पाहा. ई-मेल आल्यावर माणूस साहजिकच वरिष्ठांना लिहितो, मनुष्यबळ विभागाला भेटतो, फेरविचार करा म्हणतो. एप्रिलच्या अखेरीस उत्तर येते: आधी कळवल्याप्रमाणे निर्णय कायम आहे. हा नवा निर्णय, म्हणजे आता नवे 60 दिवस, असे त्याला वाटते. तसे नसते. जुन्याच निर्णयाची पुनरुक्ती मुदत नव्याने सुरू करत नाही, ही न्यायाधिकरणांची पक्की भूमिका आहे. ओम्बड्समनकडे, म्हणजे तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्या तटस्थ कार्यालयाकडे, समेटाची बोलणी सुरू आहेत म्हणूनही घड्याळ आपोआप थांबत नाही. त्या कार्यालयामार्फत बोलणी चालू असताना महासचिवांकडून मुदत वाढवून मिळू शकते, पण ती मागून, लेखी हातात घ्यावी लागते. बोलणी जरूर करावीत, आणि मूल्यमापनाची मागणीही त्याच आठवड्यात दाखल करावी. ती मागे घेता येते. गेलेली तारीख परत आणता येत नाही.

याच उदाहरणात आणखी एक सापळा दडलेला आहे. 60 दिवस 2 मे रोजी संपतात, पण करार 30 एप्रिललाच संपतो. एकदा निर्णय अमलात आला की स्थगिती देण्यासारखे काही उरत नाही. स्थगिती हवी असेल तर मूल्यमापनाची मागणी प्रलंबित असताना न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: निर्णय वरकरणीच बेकायदा दिसतो, प्रकरण खरोखर तातडीचे आहे, आणि होणारे नुकसान नंतर पैशाने भरून निघणार नाही. तिन्ही हव्यात, दोन चालत नाहीत. न्यायाधिकरण 5 कामकाजाच्या दिवसांत यावर निर्णय देते. पण 3 मार्चला कळलेल्या गोष्टीसाठी 28 एप्रिलला धाव घेतली, तर ही तातडी तुमची तुम्हीच ओढवून घेतली, असे म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच हालचाल हवी. शिवाय ही स्थगिती मूल्यमापन संपेपर्यंतच टिकते. पुढे खटला चालू असताना अंतरिम आदेश मिळू शकतो, मात्र नेमणूक, बढती आणि सेवासमाप्तीच्या प्रकरणांत न्यायाधिकरणाला निर्णयाची अंमलबजावणी थांबवता येत नाही. ज्यांना स्थगितीची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच त्यातून वगळले आहेत, आणि ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

शिस्तभंगाच्या शिक्षेची वाट वेगळी. तिथे मूल्यमापनाची पायरी नाही, शिक्षेचा आदेश मिळाल्यापासून 90 दिवसांत थेट न्यायाधिकरणात जायचे असते. सवयीने मूल्यमापनाची मागणी करून उत्तराची वाट पाहत बसलेला कर्मचारी इथे मुदत गमावतो.

न्यायाधीश काय तपासतात

'माझ्यावर अन्याय झाला' एवढे पुरत नाही. न्यायाधीश व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून नवा निर्णय घेत नाहीत. निर्णय घेणाऱ्याला अधिकार होता का, प्रक्रिया पाळली का, महत्त्वाची बाब दुर्लक्षिली का, आकस किंवा भलता हेतू होता का, आणि निर्णय इतका अवाजवी आहे का की तो टिकू नये, हे ते पाहतात.

मुदतीच्या कराराला नूतनीकरणाची हमी नसते, हे नियुक्तीपत्रातच लिहिलेले असते. पण हमी नाही याचा अर्थ मनमानी चालते असा नाही. कारण विचारले तर प्रशासनाला ते द्यावे लागते, आणि दिलेले कारण वस्तुस्थितीशी जुळावे लागते. निधी नाही म्हणून करार थांबवला आणि महिन्याभरात त्याच कामासाठी दुसऱ्या नावाने जाहिरात निघाली, तर ती जाहिरात हाच सर्वांत भक्कम पुरावा. म्हणून कार्यालयाची संगणक प्रणाली वापरता येते आहे तोवर आपले कामगिरी अहवाल, पदाचे वर्णन, विभागाचा आराखडा, नूतनीकरणाबद्दल लेखी मिळालेली आश्वासने यांची नोंद करून ठेवायची. गोपनीय कागद मात्र बाहेर न्यायचे नाहीत, कारण त्यावरून उलट चौकशी लागू शकते. असे कागद कोणते, कोणत्या तारखेचे, कोणाकडे आहेत, एवढे टिपून ठेवले की न्यायाधिकरणाकडून ते सादर करण्याचा आदेश मागता येतो. तोंडी आश्वासनाला जवळजवळ किंमत नसते. बैठकीनंतर त्याच दिवशी 'आपण असे म्हणालात, माझी समज बरोबर आहे ना?' असा दोन ओळींचा ई-मेल पाठवला, तर तो पुढे कामाला येतो.

पदच रद्द झाले तर प्रश्न बदलतो. संस्थेला पदे कमी करण्याचा अधिकार आहे, त्यावर सहसा वाद चालत नाही. 2025 पासून निधीची टंचाई आणि 'यूएन80' या पुनर्रचनेमुळे ही वेळ पुष्कळांवर आली आहे. इथे तपासायचे असते ते संस्थेचे पुढचे कर्तव्य. ज्याच्या कराराची मुदत अजून बाकी आहे किंवा ज्याची नेमणूक कायम स्वरूपाची आहे, त्याला काढण्याआधी योग्य रिक्त पदांवर त्याचा प्रामाणिकपणे विचार झाला पाहिजे. नुसती जाहिरातींची यादी पाठवून 'अर्ज करा' म्हणणे पुरेसे नाही, असे निवाडे आहेत. अर्थात कर्मचाऱ्यानेही जुळणाऱ्या पदांसाठी अर्ज केलेले असावे लागतात. त्याने हात बांधून वाट पाहिली, तर त्याची बाजू लंगडी पडते.

शिस्तभंगात सेवेतून काढायचे असेल, तर प्रशासनाला आरोप स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावा लागतो. संशय किंवा 'बहुधा असेच झाले असावे' हा पाया चालत नाही. चौकशीत मात्र कर्मचाऱ्याला सहकार्य करावेच लागते. गप्प राहण्याचा जो हक्क फौजदारी खटल्यात असतो, तो इथे धरून चालू नये.

जिंकल्यावर हाती काय येते

इथे अनेकांचा हिरमोड होतो. न्यायाधिकरण निर्णय रद्द करू शकते, पण नेमणूक, बढती किंवा सेवासमाप्तीबाबत तसे करताना त्याला एक पर्यायी रक्कमही ठरवावी लागते, आणि निर्णय मागे घ्यायचा की ती रक्कम भरून मोकळे व्हायचे, हे प्रशासन निवडते. म्हणजे जिंकूनही नोकरी परत मिळेलच असे नाही. भरपाईची नेहमीची कमाल मर्यादा दोन वर्षांच्या निव्वळ मूळ पगाराइतकी असते. निव्वळ मूळ पगारात त्या-त्या ठिकाणच्या महागाईनुसार मिळणारा भत्ता धरलेला नसतो, त्यामुळे दरमहा बँकेत येणाऱ्या रकमेला 24 ने गुणून अपेक्षा बांधू नये. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल, तर नुसते सांगणे चालत नाही. डॉक्टरांचा अहवाल, उपचारांच्या नोंदी, साक्षीदार असा पुरावा त्रास चालू असतानाच जमवावा लागतो.

आयएलओ न्यायाधिकरणात बहुतेक काम कागदावरच चालते, तोंडी सुनावणी क्वचित होते. अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये. अंतिम निर्णय मिळाल्यापासून 90 दिवस. तिथले निवाडे अंतिम असतात, वर अपील नाही. त्याआधी संस्थेच्या अंतर्गत अपील मंडळापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढून यावे लागते. मागणीवर 60 दिवसांत काहीच निर्णय झाला नाही तर तोही नकार मानता येतो आणि पुढच्या 90 दिवसांत अर्ज करता येतो. मात्र संस्थेने त्या काळात प्रकरण अपील मंडळाकडे पाठवले असेल, तर हा मौनाचा नियम लागू होत नाही. मौन नेमके कधी नकार ठरते हे आपल्या संस्थेच्या नियमांशी ताडून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

या न्यायाधिकरणाने पदाच्या उंचीकडे पाहून हात आखडता घेतलेला नाही. रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे महासंचालक जोझे बुस्तानी यांना 2002 मध्ये सदस्य देशांनी मुदतीपूर्वी हटवले. 2003 च्या निवाड्यात न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवले, उरलेल्या काळाचा पगार आणि मानहानीपोटी 50,000 युरो देण्याचा आदेश दिला. सदस्य देशांच्या मर्जीवर नोकरी अवलंबून राहिली तर आंतरराष्ट्रीय सेवेचे स्वातंत्र्यच उरत नाही, हा त्याचा गाभा. 2021 मध्ये याच न्यायाधिकरणाने युरोपीय पेटंट कार्यालयाचे 2013 चे संपविषयक नियम बेकायदा ठरवले. संघटना करण्याचा आणि संप करण्याचा हक्क संस्थेच्या भिंतीआडही जिवंत आहे, याची ही नोंद.

एकत्रित लढा आणि एकट्याची धास्ती

कर्मचारी संघटना आहेत, त्यांचे महासंघही आहेत. त्यांपैकी फिक्सा 1952 पासून आहे. पण पगारावर मालकाशी समोरासमोर वाटाघाट करायची सोय नाही. वेतनाची चौकट आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग आणि महासभा ठरवतात. जिनिव्हातल्या महागाई भत्त्याची कपात 2019 मध्ये आयएलओ न्यायाधिकरणाने रद्द केली, संयुक्त राष्ट्रांच्या विवाद न्यायाधिकरणाने नंतर उलट मत दिले. एकाच शहरातल्या, एकाच श्रेणीच्या कर्मचाऱ्यांच्या पगारात त्यामुळे तफावत आली. विवाद न्यायाधिकरणात संघटना स्वतःच्या नावाने खटला भरू शकत नाही. न्यायालयाला साहाय्य म्हणून आपले म्हणणे मांडण्याची परवानगी मागू शकते. म्हणून सगळ्यांवर परिणाम करणारा निर्णय आला, तरी अर्ज प्रत्येकाला आपल्या नावाने, आपल्या पगारपत्रकासह करावा लागतो. संघटना एकच मसुदा तयार करून देते, सही आणि तारीख ज्याची त्याची.

गैरप्रकार उघड केल्यामुळे छळ होत असेल, तर संयुक्त राष्ट्रांत नीतिमत्ता कार्यालयाकडे सूडापासून संरक्षण मागता येते. एक अट नीट समजून घ्या: आधी ठरवून दिलेल्या मार्गाने तक्रार, मग त्या तक्रारीमुळे त्रास, असा क्रम दाखवता आला पाहिजे. वरिष्ठांशी आधीपासून असलेला खटका यात बसत नाही. आणि नीतिमत्ता कार्यालयाच्या शिफारशीवर थेट खटला चालत नाही. बदली, करार थांबवणे, खराब शेरा असा सूडाचा जो प्रत्यक्ष निर्णय असेल, त्यालाच 60 दिवसांच्या वाटेने आव्हान द्यावे लागते.

न्यायाधिकरणात अर्जाला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. संयुक्त राष्ट्रांत कर्मचारी विधी साहाय्य कार्यालय मोफत सल्ला देते. केस कमकुवत वाटली तर ते बाजू मांडायला नकार देऊ शकते, म्हणून त्यांच्याकडे शेवटच्या आठवड्यात नव्हे, पहिल्या आठवड्यात जावे. सोबत न्यायचे कागद मोजके: नियुक्तीपत्र, वादग्रस्त निर्णय तो कधी मिळाला त्या तारखेसह, आधीचे कामगिरी अहवाल, आणि काय झाले त्याची तारखावार एक पानाची टिपण. दहा पानांची व्यथा वाचायला त्यांना वेळ नसतो, तारखावार टिपण मात्र लगेच उपयोगी पडते.

या सगळ्याच्या बाहेर राहतात ते सल्लागार, वैयक्तिक कंत्राटदार, स्वयंसेवक आणि इंटर्न. त्याच कार्यालयात, त्याच टेबलावर वर्षानुवर्षे काम करूनही ते कर्मचारी ठरत नाहीत आणि विवाद न्यायाधिकरण त्यांचा अर्ज अधिकाराअभावी परत करते. सल्लागार आणि कंत्राटदारांना कराराच्या सर्वसाधारण अटींनुसार आधी समेट आणि मग लवाद, अनसिट्रालच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या, नियमांनी. लवादाचे मानधन आणि खर्च पाहता दोन महिन्यांच्या थकलेल्या मोबदल्यासाठी तो मार्ग परवडण्यासारखा नाही, आणि देशी न्यायालयात गेले तर पुन्हा तीच उन्मुक्ती आडवी येते. अशा करारावर सही करणाऱ्याने निदान एवढे करावे: कामाचा प्रत्येक टप्पा पूर्ण झाला की तो स्वीकारल्याची लेखी पोच मागायची, देयक त्याच दिवशी सादर करायचे, आणि करार संपल्याच्या तारखेनंतर नवा करार हाती येईपर्यंत एक दिवसही काम करायचे नाही.